रायफलीचा जाम झालेला बॅरल नट सोडवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोल्ट-ॲक्शन रायफलीची (जिचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, हाताने सरकवतात) नळी बदलायला घेतली की पहिल्याच टप्प्यावर बहुतेकांचं काम अडतं. नट हलत नाही. मग पान्याला पाइप लावला जातो, हातोडा मोठा होतो, आणि शेवटी नट सुटण्याआधी दुसरंच काहीतरी वाकतं. माझं ठाम मत असं की जाम नट सुटतो तो जोराने कमी आणि पकडीने जास्त. नळी जागची हलू दिली नाही तर साधारण ताकदीचा माणूससुद्धा हे काम करू शकतो. खालच्या उत्तरांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, कारण नव्वद टक्के अडचणींचं मूळ तिथेच असल्याचं मी पाहिलं आहे.

बॅरल नट म्हणजे नेमकं काय? तो सगळ्याच रायफलींना असतो का?

नाही. रेमिंग्टन ७०० किंवा विंचेस्टर ७० या रायफलींच्या नळीला मागच्या बाजूला एक खांदा असतो. नळी ॲक्शनमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागात, पिळत नेली की तो खांदा टेकतो आणि नळी घट्ट बसते. नट लागत नाही.

बॅरल नटाच्या रायफलीत नळीला खांदाच नसतो. नळीवर लांबपर्यंत आटे पाडलेले असतात. नळी हवी तितकी आत-बाहेर फिरवून हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस टेकतं ती नळीतली जागा यांमधलं अंतर) जुळवायचा, आणि मग नळीवरचा नट ॲक्शनच्या दिशेने आवळून ती जागा पक्की करायची. नट आणि ॲक्शन यांच्यामध्ये बहुतेक वेळा रिकॉइल लगची, म्हणजे रायफलीचा धक्का दस्त्यावर घेणारी, चकती दाबलेली असते. निकोलस ब्रुअर यांनी आखलेली सॅव्हेज ११० ही रायफल १९५८ मध्ये बाजारात आली आणि तिच्यामुळे ही रचना घरोघरच्या नेमबाजांना माहीत झाली. पुढे सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, रेमिंग्टन ७८३, मार्लिन एक्सएल ७ यांनीही नटाचीच पद्धत घेतली.

एआर-१५ च्या नळीलाही बॅरल नट असतो, पण तो रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलीच्या मुख्य खोक्याच्या, बाहेरच्या आट्यांवर बसतो आणि त्याचं काम वेगळं आहे. त्याच्यासाठी दिलेल्या सूचना इथे लावू नका.

नट इतका जाम का होतो?

कारणं चार-पाच आहेत आणि बहुधा एकाच वेळी दोन-तीन जमलेली असतात. कारखान्यात नट करकचून आवळलेला असतो आणि आट्यांना ग्रीस क्वचितच लावलेलं असतं. वर्षानुवर्षं पावसापाण्यात वापरलेल्या रायफलीत नट आणि लग यांच्या सांध्यात गंज धरतो. आधीच्या कोणीतरी आट्यांना थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवून ठेवणारा द्रव, लावलेला असू शकतो. रायफल नंतर रंगवली असेल, तर रंगाचा थर सांध्यावर बसून नट, लग आणि नळी यांना एकत्र चिकटवून टाकतो. आणि नळी व नट दोन्ही स्टेनलेस असतील, तर आटे एकमेकांत रुतून बसण्याची भीती असते. हे शेवटचं कारण सगळ्यात वाईट. त्याबद्दल पुढे सांगतो.

काम सुरू करण्याआधी भिंग घेऊन सांध्याकडे पाच मिनिटं बघा. तांबूस रेघ दिसली तर गंज, निळसर किंवा लाल चुरा दिसला तर थ्रेडलॉकर, सलग चकचकीत थर दिसला तर रंग. रंग असेल तर धारदार पातीने सांध्याभोवती गोल रेघ कापून घ्या. तेवढ्यानेच नट पहिल्या दणक्यात सुटल्याचं मी पाहिलं आहे.

सुरुवात कुठून करायची?

रायफल रिकामी आहे याची खात्री करण्यापासून. मॅगझिन काढा, बोल्ट पूर्ण बाहेर काढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी घालून चाचपा. काडतुसं त्या खोलीतही ठेवू नका. मी हे दर वेळी करतो, काल रात्री स्वतःच्या हाताने रिकामी करून ठेवलेल्या रायफलीलासुद्धा.

बोल्ट काढून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. नट फिरवताना नळी कधी कधी आतल्या बाजूला सरकते. बोल्ट बंद असेल तर नळीचं मागचं टोक त्याच्या तोंडावर जाऊन दाबतं आणि दोन्ही खराब होतात.

त्यानंतर दस्ता, स्कोप आणि स्कोपचा बेस काढा. बेसचा सगळ्यात पुढचा स्क्रू विसरू नका. त्याच्या भोकाखाली नळीचे आटे येतात. स्क्रू जरा जरी लांब असला तर त्याचं टोक त्या आट्यांवर टेकलेलं असतं. मग नट सुटूनही नळी हलत नाही आणि माणूस तासभर चुकीच्या ठिकाणी जोर लावत बसतो.

नट कोणत्या दिशेला फिरवायचा?

नळीच्या तोंडाकडून ॲक्शनकडे पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. आटे नेहमीचे उजवे असतात. नट सुटताना तोंडाच्या दिशेने, म्हणजे तुमच्याकडे सरकतो. हातोडा उचलण्याआधी पान्यावर पेनाने बाण काढून ठेवा. रायफल बाकावर उलटी-सुलटी धरलेली असली की भल्याभल्यांचा गोंधळ होतो, आणि आधीच जाम असलेला नट चुकून आणखी आवळला जातो.

व्हाइसमध्ये नळी धरायची की ॲक्शन?

नळी. आणि ती नटाच्या जितकी जवळ धरता येईल तितकी जवळ.

ॲक्शन म्हणजे बाजूला मोठी खिडकी कापलेला पोकळ दंडगोल असतो. ॲक्शनला मागून धरून पुढे पिळलं तर पिळाचा सगळा ताण त्या खिडकीच्या बारीक पट्ट्यांवर येतो. ॲक्शन पिळली गेली तर बोल्ट घासत चालतो, आणि ते नीट करणं नव्या नळीपेक्षा महाग पडतं. नळी मात्र जाड भिंतीची असते, ती पिळाला घाबरत नाही.

नळी धरली की ॲक्शन मोकळी लोंबकळू द्यायची. तिला साध्या व्हाइसमध्ये दाबू नका. ॲक्शन धरायची वेळ आलीच, तर पुढच्या जाड कड्याला बाहेरून पकडणारा ॲक्शनचा पाना वापरा.

नळी व्हाइसमध्ये घसरते. आणखी आवळू का?

आधी हिशेब बघा. नट १०० फूट-पौंडाला, म्हणजे साधारण १३५ न्यूटन-मीटरला सुटणार आहे असं धरू. नटाजवळ नळी २५ मिलिमीटर जाड असेल तर मध्यापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर साडेबारा मिलिमीटर. एवढ्याशा अंतरावर तो पिळ थोपवायला नळीच्या पृष्ठभागावर जवळजवळ १,१०० किलो वजनाएवढं घर्षण लागतं. नळी गुळगुळीत आहे, पॉलिश केलेली आहे, आणि तिच्यावर तुम्हीच काल जिरवणाऱ्या तेलाचा हात फिरवला आहे. ती घसरणारच.

म्हणून व्हाइस आणखी पिळण्याआधी या गोष्टी करा. नळीचा धरायचा भाग ॲसिटोनने पुसा. कापड बदलून पुन्हा पुसा. तिसऱ्या कापडावर काही उमटलं नाही की थांबा. व्हाइसमधले ठोकळे नळीच्या उताराशी जुळणारे हवेत. सरळ भोकाचा ठोकळा उताराच्या नळीला फक्त एका कडेवर धरतो. ॲल्युमिनियमचे किंवा कठीण लाकडाचे ठोकळे चांगले. लाकडात नळीच्या मापापेक्षा किंचित लहान भोक पाडून मधोमध चिरलं की दोन्ही अर्ध्यांमध्ये फट राहते आणि सगळा दाब नळीवर येतो. नळी आणि ठोकळा यांच्यामध्ये राळेची पूड भुरभुरवा. व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच राळ, बारीक कुटून. राळेने पकड इतकी बदलते की पहिल्यांदा वापरणाऱ्याला खरं वाटत नाही. राळ नसेल तर कोरड्या कागदाची एक घडीसुद्धा उपयोगी पडते.

साधा बाकाचा व्हाइस या कामाला पुरत नाही. दोन किंवा चार जाड बोल्टांनी आवळला जाणारा बॅरल व्हाइस हवा, आणि तो ज्या बाकाला जोडला आहे तो बाक जमिनीला किंवा भिंतीला पक्का हवा. बाकच नाचत असेल तर तुमचा दणका बाकाला लागतो, नटाला नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या काळात स्वतःच्या रायफलीचा नट सोडवताना मी आदल्या रात्री सांध्यात तेल सोडलं आणि सकाळी नळी नुसती हाताने पुसून लाकडी ठोकळ्यात आवळली. तिसऱ्या दणक्याला पाना झपकन फिरला. नट सुटला म्हणून मी आनंदाने व्हाइस उघडला, तर नट जागच्या जागी होता. नळी ठोकळ्यात फिरली होती आणि तिच्या ब्लूइंगवर (पोलादावरच्या निळसर-काळ्या थरावर) तीन बोटं रुंद, गोल गोल ओरखड्यांचा पट्टा उमटला होता. आत एक बारीक धातूचा कीस अडकला होता, त्याने ते कोरून काढलं होतं. तो पट्टा आजही त्या नळीवर आहे.

नक्की काय फिरतंय ते कसं ओळखायचं?

एक रेघ ओढून. या कामातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे.

पांढरा रंगाचा पेन घ्या. व्हाइसच्या ठोकळ्यापासून सुरू करून नळी, नट, लग आणि ॲक्शनचं पुढचं कडं यांवरून एकच सलग सरळ रेघ ओढा. वाळू द्या. मग एकेक दणका द्या आणि प्रत्येक दणक्यानंतर रेघ कुठे तुटली ते बघा.

रेघ ठोकळा आणि नळी यांच्यामध्ये तुटली असेल तर नळी घसरते आहे. थांबा, पुसा, राळ घाला.

नटाची रेघ नळीपासूनही सरकली आणि ॲक्शनपासूनही सरकली, तर काम झालं. नट सुटला.

तिसरी शक्यता लोकांना कळतच नाही. नळी आणि नट यांच्यामध्ये रेघ तुटते, पण नट आणि ॲक्शन यांच्यावरची रेघ सलगच राहते. म्हणजे नट आणि ॲक्शन एकमेकांना चिकटून जोडीने नळीवर फिरत आहेत. पाहणाऱ्याला वाटतं नट सुटला, पण तो लगला तसाच दाबलेला असतो, आणि नळी मात्र ॲक्शनमध्ये आत आत सरकत असते. हे दिसलं तर पुढे जाऊ नका. ॲक्शनच्या कड्याला ॲक्शनचा पाना लावा, मदतनिसाला तो विरुद्ध दिशेने घट्ट धरून ठेवायला सांगा, आणि मग नटावर दणका द्या. इथे दोन माणसं लागतात. एकट्याने हे करायला गेलं की एक हात नेहमी चुकीच्या ठिकाणी असतो.

पाना कोणता घ्यावा?

नटावर उभ्या खाचा असतील तर त्या खाचांत पूर्ण बसणारा, पूर्ण गोल पाना. तो नळीच्या तोंडाकडून घालावा लागतो, म्हणून पुढची माशी (नेम धरायची खूण) किंवा मझल ब्रेक (तोंडावरचा धक्का कमी करणारा तुकडा) आधी काढावा लागतो. उघड्या तोंडाचा, आकड्यासारखा पाना एक-दोन खाचांवरच जोर देतो. हलक्या नटाला तो चालतो, जाम नटाला नाही. पाना नटावर बसवून हाताने हलवून बघा. खुळखुळत असेल तर पहिल्याच दणक्यात खाचांच्या कडा चेपतील.

पाइपाचा दातेरी पाना लावू नका.

माझा नट गुळगुळीत आहे, खाचाच नाहीत. मग?

अशा नटाला भोवतीने पकडणारा, चिरलेल्या कड्याचा पाना मिळतो. त्याचे स्क्रू आवळले की तो नटाला सगळीकडून सारखा धरतो. इथेही तेच सूत्र: नट ॲसिटोनने पुसायचा, कड्याच्या आत राळ, आणि स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एका बाजूचा स्क्रू आधी पूर्ण आवळला तर कडं तिरकं बसतं.

मात्र कडं बेताबाहेर आवळलं तर नटच नळीवर दाबला जातो आणि आणखी जाम होतो. घसरत नाही इतपत पुरे. काही जण गुळगुळीत नटाच्या दोन बाजू घासून सपाट करतात, म्हणजे साधा पाना बसतो. नट बदलायचाच असेल तर हा चांगला मार्ग आहे, नट ठेवायचा असेल तर वाईट.

लांब दांडा लावू की हातोडा मारू?

हातोडा.

तीस सेंटिमीटरच्या पान्याला टोकावर ३० किलोचा जोर लावला तर साधारण ८८ न्यूटन-मीटर पिळ मिळतो. दांडा दुप्पट लांब केला की पिळ दुप्पट होतो, हे खरं. पण हळूहळू वाढत जाणारा जोर नळीला व्हाइसमध्ये घसरायला वेळ देतो, बाक वाकवतो, पाना तिरका करतो. सगळं स्प्रिंगसारखं ताणलं जातं आणि नट तसाच राहतो. दणका वेगळं काम करतो. तो क्षणभरच असतो, पण त्या क्षणी त्याचा जोर दांड्याच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि आट्यांना बसलेला थरकाप गंजाची पकड तोडतो.

हातोडा एक ते दीड किलोचा, आत छर्रे भरलेला, उसळी न घेणारा असावा. पाना असा लावा की दणका खाली, बाकाकडे जाईल. वर मारलं तर बाक उचलला जातो. दांडा जमिनीला समांतर ठेवा, दुसऱ्या हाताने पान्याचं डोकं नटावर दाबून धरा, आणि टोकाजवळ छोटा, खणखणीत दणका द्या. चष्मा घाला. आवाजाकडे लक्ष द्या: नट घट्ट असताना दणक्याचा आवाज टणक येतो, सुटला की तो एकदम बोदा होतो. सरावाने कान डोळ्यांच्या आधी सांगायला लागतात.

पहिले दोन दणके उलट दिशेला, म्हणजे आवळण्याच्या दिशेला, अगदी हलके द्या. त्यांनी गंजाचा थर मोडतो. आठ-दहा जोरदार दणक्यांनी काहीच हललं नाही तर हातोडा ठेवा आणि तेलाकडे वळा.

इम्पॅक्ट रेंच चालेल का?

नाही. काय फिरतंय ते कळायच्या आत वीस दणके बसून गेलेले असतात.

तेल कोणतं आणि कसं सोडायचं?

सांध्यात शिरणारं कोणतंही पातळ तेल चालेल. ॲसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल समप्रमाणात मिसळून केलेलं मिश्रणही चांगलं शिरतं. ते लगेच पेट घेतं, म्हणून जवळ ज्योत किंवा हीट गन नको, आणि खिडकी उघडी ठेवा. ॲसिटोन रंग आणि प्लॅस्टिक खातं हेही लक्षात ठेवा.

नुसता फवारा मारून उपयोग नसतो, तेल वजनाने खाली उतरतं. आधी रायफल तोंड वर करून उभी ठेवा आणि नटाच्या पुढच्या कडेवर, नळी जिथे नटात शिरते तिथे, थेंब थेंब सोडा. दोन-तीन तासांनी पुन्हा. मग उलटी करा आणि नट व लग यांच्या सांध्यात सोडा. एक रात्र जाऊ द्या. मधूनमधून नटावर पितळी पंचाने गोल फिरत हलकेच ठोकलं तर तेल आत ओढलं जातं.

थ्रेडलॉकरवर तेलाचा काही परिणाम होत नाही. आणि व्हाइसमध्ये धरण्याआधी नळी पुन्हा पुसायची, हे वर सांगितलंच आहे.

तापवू का? किती?

तापवता येतं, पण मर्यादेत. सव्वासत्तावीस मिलिमीटरच्या आसपासचा पोलादी नट १०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास फक्त ०.०३ मिलिमीटरने वाढतो. केसाच्या निम्मं अंतर. तेवढंसुद्धा गंज मोडायला पुरतं, पण त्यासाठी नट तापला पाहिजे आणि नळी थंड राहिली पाहिजे. म्हणून हीट गनने नटालाच चटकन तापवा आणि लगेच दणका द्या. दहा मिनिटं सावकाश तापवलं तर नळीही सोबत वाढते आणि फरक शून्य.

मी १५० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला की १०० अंश ओलांडले. मोजायला इन्फ्रारेड तापमापक असेल तर उत्तम. गॅसची ज्योत कधीही लावू नका. उघडं, घासलेलं पोलाद सुमारे २२० अंशांना पिवळसर आणि ३०० च्या आसपास निळं पडतं. ॲक्शनच्या पोलादाची कडकपणाची प्रक्रिया कारखान्यात मोजून केलेली असते. गोळी झाडताना ॲक्शनवर येणारा दाब तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो, म्हणून ती प्रक्रिया उष्णतेने बिघडवण्याचा धोका कोणीही घेऊ नये.

मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर हातोड्याने सुटतो. जास्त ताकदीचा लाल थ्रेडलॉकर नरम पडायला २५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि ते ॲक्शनला लागून असलेल्या नटावर मी करणार नाही. तिथे नट कापलेला बरा.

नट थोडा फिरला आणि पुन्हा अडकला. आता?

त्याच क्षणी थांबा. स्टेनलेसचे आटे कोरडे घासले की एकमेकांचा धातू उचलतात, गोळा होतो आणि पुढे प्रत्येक अंशाला पकड वाढत जाते. जोर लावून पुढे नेलं तर आटे मरतात, आणि फक्त नटाचेच नाही तर नळीचेही. तेल सोडा, नट जितका आला तितका मागे न्या, पुन्हा पुढे आणा. दर वेळी थोडा जास्त. पाव वळसा पुढे, पाव वळसा मागे, असं करत अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

खाचा चेपल्या, पाना बसतच नाही. नट कापायचा का?

नवा नट मिळतो, ॲक्शन मिळत नाही. म्हणून हो. बारीक चकतीच्या हातातल्या ग्राइंडरने नटावर नळीच्या लांबीच्या दिशेने चीर घ्या, पण आरपार नाही. आट्यांच्या आधी कागदाच्या जाडीइतका धातू राहू द्या. ॲक्शन आणि लग ओल्या कापडाने झाका, किटाळं आत जाता कामा नयेत. मग चिरेत छिन्नी ठेवून एक ठोका. नट उकलतो आणि सगळी पकड एकदम जाते. नळी फेकायचीच असेल तर चीर थोडी खोल गेली तरी बिघडत नाही. नळी जपायची असेल आणि हाताला असल्या कामाची सवय नसेल, तर हा टप्पा अनुभवी बंदूक कारागिराकडे सोपवा.

नट सुटला, पण नळी निघत नाही.

बेसचा पुढचा स्क्रू खरंच काढला आहे ना, ते आधी बघा. मग नट नळीवर दोन-तीन वळसे पुढे न्या आणि ॲक्शन हाताने फिरवा. बहुतेक वेळा निघते. नाही निघाली तर आट्यांत तेल सोडून थांबा. नट ढिला झाल्यावर नळी ॲक्शनमध्ये फक्त गंज किंवा थ्रेडलॉकरनेच धरलेली असते.

परत बसवताना हेडस्पेस किती महत्त्वाचा?

बाकी सगळं चुकलं तर रायफल खराब होते. हे चुकलं तर माणूस जखमी होतो.

सॅव्हेजच्या नळीवर इंचाला २० आटे असतात, म्हणजे एका वळशात नळी १.२७ मिलिमीटर सरकते. आता .३०८ विंचेस्टरचं उदाहरण घ्या. हेडस्पेस तपासायला काडतुसाच्या आकाराचे दोन मापक असतात: त्याचा गो गेज (सगळ्यात कमी चालणारं माप) १.६३० इंचांचा आणि नो-गो (ज्यावर बोल्ट बंद होता कामा नये) १.६३४ इंचांचा. फरक ०.००४ इंच, म्हणजे ०.१ मिलिमीटर. वळशाच्या भाषेत हे जेमतेम २९ अंश होतात. घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटं सरकावं तितकं. नट सोडताना ओढलेल्या रेघेच्या खुणेवर नळी परत आणून बसवली की झालं, असं अनेक जण मानतात. त्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

बरोबर पद्धत अशी: आटे, लग आणि ॲक्शनचं तोंड पूर्ण साफ करा, कारण लगखाली राहिलेला गंजाचा एक कण सगळं माप बदलतो. आट्यांना जाम-रोधक ग्रीसचा पातळ थर द्या. बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) आणि इजेक्टर (ती बाहेर फेकणारा भाग) काढा, म्हणजे गेज सरळ बसेल. गो गेज घालून बोल्ट बंद करा, नळी हाताने गेजला टेकेपर्यंत आत फिरवा, मग नट आवळा. आणि आता पुन्हा तपासा. नट आवळताना आट्यांमधली मोकळीक निघते आणि नळी किंचित पुढे ओढली जाते, त्यामुळे आधी बरोबर असलेलं माप आवळल्यावर बदललेलं असू शकतं. गो वर बोल्ट सहज बंद व्हायला हवा, नो-गो वर बंद होता कामा नये.

किती आवळायचा?

४० फूट-पौंड, म्हणजे ५४ न्यूटन-मीटरच्या आसपास बरेच जण आवळतात आणि मला ते पुरेसं वाटतं. नळी बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळा. या वेळी ग्रीस लावलं आहे, हे विसरून कारखान्याइतका करकचून आवळू नका.

हे काम स्वतः करायला परवानगी असते का?

देशोदेशी नियम वेगळे आहेत. काही ठिकाणी नळी हा नोंदणीचा भाग मानतात, काही ठिकाणी फक्त परवानाधारक कारागीरच ती बदलू शकतो. १९१४ मध्ये ब्रुसेल्समध्ये स्थापन झालेल्या सी.आय.पी. या व्यवस्थेतल्या देशांत नवी नळी बसवली की रायफलीची अधिकृत दाबचाचणी पुन्हा करून शिक्का घ्यावा लागतो. आपल्याकडचा नियम काम सुरू करण्याआधी विचारून घ्या.

पहिली गोळी कशी झाडायची?

गालाला लावून नाही. रायफल भक्कम टेकूवर बांधा, ट्रिगरला लांब दोरी लावा, आडोशाला उभं राहून झाडा. मग रिकामी पुंगळी उचला आणि उजेडात फिरवून बघा. बुडापासून साधारण एक सेंटिमीटरवर चकचकीत गोल कडं दिसलं तर पितळ तिथे ताणलं गेलं आहे. बारीक तारेचं टोक वाकवून पुंगळीच्या आतून, बुडाजवळून वर ओढा. तार एखाद्या चरीत अडखळली तर हेडस्पेस जास्त आहे. तसं आढळलं तर दुसरी गोळी भरू नका, नट पुन्हा सोडा आणि गेज लावा. या वेळी तो सहज सुटेल.